भिंतीची नाडी पाहणारी शिस्टर

रूथबाई शिस्टर भिंतीची नाडी पाहायच्या. हे कोणाला सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. मी गवंडी माणूस. चौथीतून शाळा सोडली, पण पन्नास वर्षं थापी धरली आहे आणि भिंतीतलं मला कळतं. त्यांच्याइतकं कळत नाही, हे कबूल करायला मात्र मला फार वर्षं लागली.

गरोदर बाईच्या पोटावर ठेवून लेकराचे ठोके ऐकायची एक लाकडी नळी असते. एक तोंड वाटीसारखं, दुसरं चपटं. शिस्टर ती वाटी दगडावर ठेवायच्या, चपट्या बाजूला कान लावायच्या, डोळे मिटायच्या आणि डावा हात वर करायच्या. हात वर म्हणजे कोणी बोलायचं नाही. दवाखान्यात तो हात वर झाला की बाळंतिणीची सासूसुद्धा गप्प व्हायची म्हणतात. मी तर गवंडी.

आमचं गाव राळेगावच्या बाजूचं, काळ्या मातीचं. गावाच्या तोंडाशी, कापूस खरेदीच्या मैदानासमोर, एक दगडी गिरजा आहे. टोकदार खिडक्या, बुटका चौकोनी मनोरा, भिंतींना बाहेरून दगडी टेकू दिलेले, वर कौलं. इंग्रजाच्या राज्यात कापूस विकत घ्यायला एक साहेब इथं येऊन राहिला होता. त्यानं आपल्या मुलखातल्या गावच्या जुन्या देवळाचे नकाशे मागवले आणि हुबेहूब तसंच, फक्त लहान, इथं काळ्या दगडात उभं केलं. शिस्टर त्याच आवारातल्या मागच्या खोलीत राहायच्या. मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणं करता करता म्हाताऱ्या झाल्या. दवाखाना बंद पडला, त्या राहिल्या. लगन केलं नाही. निम्मं गाव त्यांच्या हातावर जगात आलेलं, त्यामुळं धाक असा की सरपंचालाही चारचौघांत ऐकवायच्या, "तू पायाकडून आलता बापा. तवापासून तुही सारी कामं उलटीच हायेत."

कपाशीवर अळी पडायची, भाव पडायचा, माणसंही पडायची, अशी ती वर्षं. पेपरवाले शहरातून गाड्या घेऊन यायचे आणि गिरजाच्या सावलीत गाडी लावून विचारायचे, अलीकडे मयत कोणाच्या घरी झाली? शिस्टर म्हणायच्या, "मी जन्माच्या बाजूची हावो. तिकडलं मले विचारू नका." पण ज्या घरात ते दुःख झालं असेल त्या घरी संध्याकाळी त्या डबा घेऊन गेलेल्या असायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांच्याजवळ एक पुस्तक होतं. परत जाताना कोण्या मडमेनं दिलेलं, इंग्लंडातल्या गावोगावच्या जुन्या गिरजांचं. पुठ्ठा कधीच गेला होता, दवाखान्याच्या चिकटपट्टीवर ते तगून होतं. रिकाम्या पाळीत वाचून वाचून त्यांना ते पाठ झालेलं. नागपूरच्या पुढं त्या कधी गेल्या नाहीत, पण सातशे वर्षांपूर्वीच्या त्या गावच्या गवंड्यांबद्दल अशा बोलायच्या, जसे ते शेजारच्या गल्लीत राहतात.

"हे पाहा मिस्त्री, ही गोल कमान आज्यानं बांधली. नातवाच्या टायमाले टोकदार कमानी निघाल्या. पणतूच्या टायमाले लोकरीचा पैसा आला, मग खिडक्या मोठ्या झाल्या, मनोरा उंच झाला. एकानं बांधलं नाही हे. पूर्ण झालेलं पाहाले कोणीच जिता नव्हता."

"लोकरीचा पैसा?"

"मेंढ्या हो. आपल्याकडं कपाशी, त्याइच्याकडं मेंढ्या. भाव होता तवर गावागावानं देवळं चढवली. मग भाव गेला, माणसं गेली. देवळं हायेत."

"मग आपल्या कपाशीचं काय राहीन, शिस्टर?"

त्यांनी वर छताकडं बोट केलं. "हे."

मनोऱ्याच्या कोपऱ्याला पावसाचं पाणी बाहेर फेकायला दगडी तोंडं आहेत. तिकडे म्हणे त्या तोंडांना भुताचे चेहरे कोरतात, वाईटानं वाईटाला पळवायला. साहेबानं भुताचं चित्र काढून दिलं. इकडच्या पाथरवटानं मान डोलावली आणि चारही कोपऱ्यांना नंदी कोरले. देवाच्या घरावर भूत कायले? साहेब चिडला म्हणतात, पण तोवर दगड चढले होते. शिस्टरना हे फार आवडायचं. पावसात नंदीच्या तोंडातून धार लागली की पोरांना बोलावून दाखवायच्या.

आता माझं एक काम सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. या गोष्टीच्या दहा-बारा वर्षं आधी गिरजाच्या भिंतींना ओल यायची, दगडांमधला जुना चुना झडायचा. मंडळीच्या, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांच्या, पंचांनी मला बोलावलं. मी साऱ्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, आतून-बाहेरून सिमेंटनं भरून दिल्या. दोरी लावून, अशा सरळ की दुसऱ्या गावचे गवंडी पाहायला आले. वेदीजवळच्या कोपऱ्यात ओल्या सिमेंटवर खिळ्यानं माझं नाव ओढलं. येताजाता ते नाव मी बघायचो. खोटं कशाला बोलू?

मग तो जानेवारी आला. समोरच्या मैदानावर खरेदी दोन दिवस बंद होती आणि कापसाच्या बैलगाड्यांची रांग पार नाल्यापर्यंत लागलेली. माणसं गाडीखालीच झोपत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं. कापूस भिजला की पिवळा पडतो, मग त्याला कोणी विचारत नाही. माणसं गोणपाटं, धोतरं, पांघरुणं, मिळेल ते टाकत होती. तेवढ्यात गिरजाची घंटा वाजली. शिस्टर दोरी ओढत होत्या आणि दोन्ही दारं सताड उघडी होती.

"आना! आत आना सारा!"

तासाभरात गिरजा भरला. बाकं भिंतीला सारली, कापूस खिडक्यांच्या तळाला लागला. पंचांचे मुख्य दाविदराव छत्री घेऊन धावत आले. "शिस्टर, देवाचं घर हाय हे! गोदाम करून राह्यल्या तुम्ही!"

"कोणाच्या पैशानं बांधलं हे, दाविदराव?"

"साहेबाच्या."

"साहेबाले कुठून भेटला?" त्या कापसाकडं हात करून म्हणाल्या. "घरचंच माणूस भिजत आलं तर त्याले दारात उभं करता का? अन् तिकडे तर सारं गाव गिरजात धान्य ठेवे, सभा भरवे. पुस्तकात हाय."

पुस्तकात आहे म्हटल्यावर दाविदराव बोलत नसत, कारण ते पुस्तक इंग्रजीत होतं. रविवारी पाळकसाहेबांनी कापसात गुडघाभर उभं राहून प्रार्थना घेतली. सारी मंडळी शिंकत होती. शिस्टर मला म्हणाल्या, "किती वर्षांनी भरलेला दिसला हो गिरजा!"

आठ दिवसांनी कापूस उचलला, आणि तेव्हा ते दिसलं. वेदीच्या पुढं एक मोठी टोकदार कमान आहे, सगळ्या गिरजाचा भार तिच्यावर. उडालेला कापूस त्या कमानीच्या भेगेत जाऊन बसला होता. आधी काळ्या दगडात जी भेग कोणाला दिसत नव्हती, ती आता पांढरी रेघ होऊन खालपासून शेंड्यापर्यंत दिसत होती. शेंड्याचे दोन-तीन दगड बोटभर खाली उतरलेले.

पंचांनी इंजिनिअर आणला. तरुण पोरगा, शहाणा होता. त्यानं फीत लावली, दोरी ताणली आणि सांगितलं, "भेग जाऊ द्या. वेदीकडचा सगळा भागच सरकलाय. सभागृहाच्या रेषेत नाहीये, डावीकडे वळलाय. ही इमारत उभी ठेवणं धोक्याचं आहे."

खरं होतं ते. दारात उभं राहून बघितलं की वेदी जराशी डावीकडं दिसते. मलाही वाटायचं, कोण्या गवंड्याचं सूत चुकलं. दाविदरावांनी लगेच बोलून टाकलं, पाडू आणि स्लॅबचा हॉल घेऊ, पंखे लागतील, लग्नं होतील.

शिस्टर खोलीत गेल्या आणि पुस्तक घेऊन आल्या. एका पानावर नकाशा होता. इंजिनिअरच्या हातात दिला. "हे साहेबाच्या गावचं मूळ देऊळ. पाह्य नं बाबू, ते पण वाकडंच हाय. वेदी एका पिढीनं बांधली, सभागृह दुसऱ्या पिढीनं. सूत जुळलं नाही. कोणी म्हणते, क्रूसावर येशूची मान कलली होती, म्हणून तसं ठेवलं. खरं काय, देवाले ठाऊक. आपल्या साहेबानं नक्कल केली ती चुकीसकट केली." मग चष्मा काढून म्हणाल्या, "जन्मखूण हाय ते. दुखणं नाही. जन्मखूण कोणी कापते का?"

पोरानं नकाशावर फूटपट्टी ठेवली, पुन्हा दोरी ताणली, आणि मान्य केलं. भला माणूस. "पण आजी, कमानीचे दगड उतरलेत ही काही जन्मखूण नाही."

"नाही. ते दुखणं हाय," शिस्टर म्हणाल्या.

शेवटी पंचांनी ठरवलं, ईस्टरच्या आत कमान नीट झाली अन् इंजिनिअरनं हो म्हटलं तर गिरजा राहील. नाही तर पाडायचा.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मला काय, मी म्हटलं, "सोपं हाय. भेगेत सिमेंट ओततो, लोखंडी पट्टी मारतो. दोन दिवसांचं काम."

शिस्टरनी लाकडी नळी माझ्या हातात दिली. "लावा इथं. अन् मी ठोकते."

मी नळी दगडाला लावली. त्यांनी माझीच हातोडी घेऊन हलकेच ठोकलं. भरीव आवाज आला, जसा यावा तसा. मग त्या दोन हात सरकल्या, जिथं माझी दरज एकदम सरळ, सुरेख दिसत होती तिथं. ठोकलं. आत ढब आवाज. पोकळ. पुढं ठोकलं, पोकळ. वेदीच्या कोपऱ्यात, माझ्या नावाच्या खाली ठोकलं. तिथं तर आत जसं मडकंच ठेवलं होतं.

मी नळी खाली ठेवली. शिस्टर म्हणाल्या, "चहा ठेवू?" मी म्हटलं, "नको." घरी गेलो आणि आठ दिवस तिकडं फिरकलो नाही. बायकोनं विचारलं, काहून जात नाही? मी म्हटलं, गुडघा दुखते. गुडघा दुखत नव्हता.

नवव्या दिवशी छिन्नी घेऊन गेलो आणि माझ्याच नावापासून सुरुवात केली. पहिल्या घावात नाव तुटलं. सिमेंटची पापडी निघाली आणि मागचा जुना चुना ओल्या राखेसारखा हातावर आला. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. भिंत तिच्यासोबत जराशी हलते. चुना ते सोसतो, ओल पितो आणि बाहेर सोडतो. मी त्याचं तोंड बंद केलं होतं. ओल आतच राहिली, चुना मेला, आणि कमानीचे दगड नुसते एकमेकांच्या भरवशावर उभे होते. हे सगळं मला तिथं, हातातल्या राखेत दिसलं. मी शिस्टरकडं बघितलं नाही. त्यांनी फक्त तांब्या पुढं केला. "पानी घ्या, धूळ भल्ली उडते."

मग चुन्याचं काम आलं. बापाच्या हाताखाली मी शिकलो होतो, पण केलेलं नव्हतं चाळीस वर्षांत. चुना भिजवायचा, मुरू द्यायचा, मग घाणीत मळायचा. घाणी म्हणजे गोल खड्डा, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. साहेबाच्या टायमाचं चाक दवाखान्याच्या मागं बाभळीत पडलेलं होतं. पण ते ओढायचं कोणी? रोज बैलजोडी आणायची कुठून?

सकाळी येतो तो किसन बैल घेऊन उभा. ज्याचा कापूस सगळ्यात शेवटी गिरजात गेला तो.

"कायले आला रे?"

"शिस्टरनं बोलावलं नाही, आपल्या मनानं आलो. माहा कापूस इथं कोरडा राह्यला नं, मिस्त्री. बैल असेही मोकळेच हायेत."

त्याच्यामागं दुसरा, तिसरा. पाळ्या लागल्या. त्यातला एकही त्या मंडळीचा नव्हता. कोणी गणपतीवाला, कोणी बुद्धविहारातला, एक तर दर्ग्यात दिवा लावणारा. घाणी फिरायची, शिस्टर खुर्ची टाकून बसायच्या आणि बैल थांबला की ओरडायच्या, "अरे थांबू नको राजा, कळा चालू हायेत!" चौथ्या दिवशी दाविदराव आले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि चुन्यात उतरले. शिस्टरनी पाहिलं आणि तोंड दुसरीकडं करून हसल्या.

कमानीखाली लाकडी साचा उभा केला, भार त्याच्यावर घेतला, उतरलेले दगड काढले, चुन्यात पुन्हा बसवत वर गेलो. शेंड्याला आलो तेव्हा भांडण झालं. मी म्हटलं, मधोमध एक कळीचा दगड बसवतो. कमान कळीशिवाय राहत नाही, हे माझ्या बापानं सांगितलेलं.

"इथं कळी नाही, मिस्त्री. टोकदार कमान. इकडून एक दगड, तिकडून एक. दोघंच."

"अन् पडलं तर?"

"दोघं नीट रेलले एकमेकांवर, तर तिसरा लागत नाही."

"म्हणजे नवराबायकोसारखं?"

"मले काय विचारता? मी फक्त त्याच्यानंतरचं पाह्यलं."

मी ऐकलं नाही. कळीचा दगड घडवला. बसेना. दुसरा घडवला. तोही बसेना, कारण जागाच तेवढी नव्हती. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं दोन दगड एकमेकांना टेकवले, आणि ते असे बसले जसे वाटच पाहत होते.

ईस्टरच्या आधीचा शनिवार. साचा काढायचा दिवस. इंजिनिअर आला. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. आत फक्त मी, पाचरी ठोकून सैल करायला. वळून बघतो तर शिस्टर कमानीच्या बरोबर खाली खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर नळी.

"शिस्टर, बाहेर व्हा."

"बाळंतिणीले सोडून मी कधी बाहेर गेली नाही. आता जाऊ?"

"मग मी पाचर काढत नाही."

"नका काढू. मले काही घाई नाही. मी बसली हाय."

दारातून दाविदराव ओरडत होते, इंजिनिअर ओरडत होता. मला शिस्टरचा राग आला. काय करतो? पहिली पाचर काढली. दुसरी. तिसऱ्या पाचरीला साचा बोटभर खाली आला आणि वर 'टक्' असा बारीक आवाज झाला. चुन्याची भुकटी शिस्टरच्या पांढऱ्या केसांवर पडली. मी डोळे मिटले. उघडले तर त्या उठल्या होत्या, नळी खांबाला, कान नळीला, डावा हात वर. सारं गाव दारात उभं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी हात खाली केला. "ठोके चांगले हायेत."

बाहेर पोरांनी घंटा वाजवली. शिस्टर मला म्हणाल्या, "नाव टाका नं आता, मिस्त्री. तिकडले गवंडी दगडावर खूण करत." मी म्हटलं, "नको." त्यांनी आग्रह केला नाही.

दोन वर्षांनी त्यांचे पाय गेले. चार पावलं काठीनं, मग बसायचं. नागपूरची भाची न्यायला आली. सामान एक पेटी, एक पुस्तक. मी यष्टीच्या थांब्यापर्यंत पेटी नेली. भाची तिकिटाचं विचारायला गेली तेव्हा मला राहवलं नाही.

"शिस्टर, एक सांगायचं हाय. कमान कापसानं फाटली नाही, जमिनीनं नाही. माह्या सिमेंटनं फाटली."

"मले मालूम हाय."

"कवापासून?"

"भेग दिसली तवापासून." त्यांनी काठी बाजूला टेकवली. "अन् तुमाले हे मालूम नाही, की सिमेंट मारा असं पंचाइले कोणं सांगितलं. मी सांगितलं, मिस्त्री. ओल दिसे ना. मले वाटे, घाण हाय, झाकून टाका, साफ दिसलं पाह्यजे. सारी उमर जखमा धुवल्या मी. जखमेले हवा लागते हे माह्यापेक्षा कोणाले जास्त मालूम होतं? तरी भिंतीची जखम मीच बांधून टाकली. तुमचं काम त चांगलंच होतं. पक्कं बसलं होतं, एवढाच त्याचा दोष."

"मग मले बोलल्या काहून नाही?"

"तुम्ही मले कुठं बोलले?"

यष्टी लागली. कंडक्टरनं आणि मी मिळून त्यांना वर चढवलं. खिडकीशी बसल्या. गाडी जुनी, चालू केली तशी अशी थरथरली की काचा वाजायला लागल्या. मी काही बोलायला खिडकीजवळ गेलो. शिस्टरनी पिशवीतून नळी काढली, वाटी खिडकीच्या पत्र्यावर ठेवली, कान लावला, डोळे मिटले आणि डावा हात वर केला. थांब्यावरची माणसं बघत राहिली. मी गप्प उभा राहिलो, सवयीनं.

मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलं आणि मान हलवली. या गाडीचं काही खरं नाही. आणि हसल्या. गाडी निघाली तेव्हा तो हात अजून वरच होता.